बोथाज हिलवरची माघार: एका खुब्याचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. साताऱ्यातली ४३ वर्षांची शिक्षिका, सहा वर्षांपासून धावणारी. ११ जून २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनमध्ये पन्नास किलोमीटर पार केल्यावर डाव्या जांघेतल्या कळीमुळे थांबली. दहाव्या दिवशी एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे फीमर नेकला, स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. शस्त्रक्रिया लागली नाही. पुन्हा पळायला चार महिने लागले आणि उतारावर पळायला जवळपास अकरा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्या परतल्यानंतरचं पुनर्वसन माझ्याकडे होतं. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

या दुखापतीचं मूळ आफ्रिकेतल्या घाटात शोधू नये, म्हणून हे लिहावंसं वाटलं. हाड साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात आणि घरच्या ताटात कमकुवत होत गेलं होतं. आफ्रिकेत फक्त ते कळलं, आणि कळल्यावर त्यांनी जे केलं ते त्या सगळ्या हंगामातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल होतं.

शर्यत

कॉम्रेड्स पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमध्ये धावली जाते, सहसा एक वर्ष वर (डर्बनहून) आणि एक वर्ष खाली (डर्बनकडे), अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम यांनी १९२१ मध्ये ती सुरू केली. त्या पहिल्या वर्षी ३४ जण सुटले आणि १६ जण पोचले. निम्म्याहून अधिक लोकांच्या माघारीने सुरू झालेली ही शर्यत आहे, हे आपल्याकडे कोणी फारसं सांगत नाही. आपल्याकडे येतात ते पदकांचे फोटो. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सातारा इथून दरवर्षी मोठ्या तुकड्या जातात. साताऱ्याच्या धावपटूंना घाट अंगणात असल्यामुळे ही शर्यत विशेष जवळची वाटते.

२०२३ची शर्यत ‘डाउन रन’ होती: पीटरमॅरिट्झबर्गहून सुरू, डर्बनच्या किंग्समीड मैदानावर शेवट, ८७.७ किलोमीटर, मुदत बारा तास. ‘डाउन’ या नावावर जाऊ नये. वाटेत इंचांगा, बोथाज हिल, काउइज हिल असे चढ आहेतच. पण शेवटी समुद्रसपाटीला उतरायचं असतं आणि खरा मार उतारांचा. विशेषतः पिनटाउनच्या आधीचा फील्ड्स हिल, सुमारे तीन किलोमीटरचा सलग तीव्र उतार. तिथे पोचेपर्यंत साठ किलोमीटर पायात गेलेले असतात.

पहाटे साडेपाचला शर्यत सुटली. जांघेत जरासं जड वाटत होतं म्हणून त्याआधी तासभर एक वेदनाशामक गोळी घेतली होती. कॅम्परडाउनच्या आसपास, साधारण पंचविसाव्या किलोमीटरला, ओळखीचं दुखणं परत आलं. इंचांगाच्या उतारावर दुखण्याची जात बदलली. आधी ते ओढल्यासारखं, पसरलेलं होतं. आता प्रत्येक पावलाला एकाच जागी आत टोचायला लागलं. ड्रमंडला निम्मी शर्यत पावणेसहा तासांच्या आत झाली होती, म्हणजे मुदतीच्या हिशेबात त्या सुरक्षित होत्या. ड्रमंडच्या पुढे रस्त्याकडेला ‘आर्थर्स सीट’ नावाचा दगडातला कोनाडा आहे. पाच वेळा शर्यत जिंकलेल्या आर्थर न्यूटन यांची ही बसायची जागा. तिथे फूल ठेवून त्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की शर्यतीचा दुसरा भाग चांगला जातो, अशी समजूत आहे. यांनी फूलही ठेवलं आणि गुड मॉर्निंगही म्हटलं.

बोथाज हिलच्या चढावर त्या चालायला लागल्या. चढावर चालणं हे कॉम्रेड्समध्ये सगळेच करतात, त्यात वावगं काही नाही. पण चालतानाही त्या लंगडत होत्या. मोज्यात खडा गेला म्हणून दुभाजकाला धरून उजवा पाय उचलला, तर डाव्या पायावर उभंच राहता येईना. कडेला बसल्या, तरी ठणका थांबेना. तिथे सोबतच्या एका धावपटूने आणखी एक गोळी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

निघण्याआधी नवऱ्याशी त्यांचं एक ठरलं होतं. दोघेही शिक्षक, नियम लिहून ठेवण्याची सवय. “पळताना दुखलं तर चालायचं. चालताना लंगडायला लागलं तर थांबायचं.” नियम साधा होता, पण तो भर शर्यतीत घामाघूम अवस्थेत करायचा राहिलेला नव्हता, हे त्याचं बळ. पन्नास किलोमीटर पळालेल्या माणसाकडे साखर कमी असते, झोप अपुरी असते, आणि गावाकडे फोनवर पन्नास लोक ट्रॅकिंग बघत असतात. तिकिटाचे, व्हिसाचे, हॉटेलचे पैसे लाखांत गेलेले असतात. अशा वेळी नवा निर्णय घ्यायला माणूस लायक नसतो. घेतलेला निर्णय फक्त पाळू शकतो.

कॉम्रेड्समध्ये दोन प्रकारच्या बस असतात. एक म्हणजे ठरावीक वेळेत शेवटाला नेणारा धावपटूंचा घोळका, ज्याच्या म्होरक्याला ‘बस ड्रायव्हर’ म्हणतात. दुसरी खरीखुरी बस, थांबलेल्यांना गोळा करणारी, तिला ‘बेलर बस’ म्हणतात. त्या दुसऱ्या बसमध्ये चढल्या. पायरी चढताना दोघांनी धरावं लागलं. वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी खुबा हळूच आत वळवून पाहिला, कुबड्या दिल्या आणि सांगितलं की या पायावर वजन टाकू नका, घरी गेल्यावर स्कॅन करा. तिथे काही फार बोलणं झालं नाही, पण पुढच्या सगळ्या गोष्टींत हे एक वाक्य सर्वांत मोलाचं ठरलं.

त्या थांबल्या नसत्या तर काय झालं असतं, याचं नक्की उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण शक्यता माहीत आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य नसा त्या मानेला लगटूनच वर जातात. मानेतली चीर आरपार जाऊन हाड सरकलं, तर त्या नसा तुटतात आणि गोळा मरू शकतो. मग स्क्रू, आणि तेही न टिकल्यास चाळिशीत खुब्याचं प्रत्यारोपण. फील्ड्स हिलचे तीन किलोमीटर त्यांच्या पुढ्यात होते.

आधीचे सहा आठवडे

पहिली कुरबुर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन साडेचार तासांत करून त्या पात्र ठरल्या होत्या आणि त्यानंतर ग्रुपच्या तक्त्याप्रमाणे आठवड्याचं अंतर पन्नासवरून नव्वद किलोमीटरपर्यंत चढवलं होतं. डाउन रन आहे म्हणून मार्चपासून आठवड्यातून दोनदा यवतेश्वरच्या घाटात ‘डाउनहिल रिपीट्स’. वर गाडीने किंवा चालत जायचं, खाली जोरात पळत यायचं. रविवारी कासच्या रस्त्यावर लांब पल्ला.

मांडीचे स्नायू उतारासाठी तयार करायचे तर हा सराव लागतो, त्याला पर्याय नाही. पण स्नायू आणि हाड एका वेगाने तयार होत नाहीत. वाढलेल्या भाराला हाड आधी स्वतःचा थोडा भाग काढून टाकून उत्तर देतं आणि मग तिथे नवा भरतं. काढणं काही आठवड्यांत होतं, भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं. पाय मात्र जोरकस वाटत असतात, कारण स्नायू पुढे गेलेले असतात. मार्चमध्ये सुरू केलेल्या घाटाचा हिशेब एप्रिलअखेर येणं हे अगदी पाठ्यपुस्तकातलं वेळापत्रक.

दुखणं जांघेत होतं म्हणून सगळ्यांनी मांडीच्या आतल्या स्नायूवर ठपका ठेवला. ताण पडलाय, स्ट्रेचिंग करा, फोम रोलर फिरवा, टेप लावा. मसाजही झाला. मे महिन्याच्या मध्याला छप्पन्न किलोमीटरचा लांब पल्ला झाला त्या संध्याकाळी त्या घरात लंगडत होत्या. चार दिवस सुटी घेतली, बरं वाटलं, पुन्हा सुरू.

त्यानंतर शर्यतीआधीचा टेपर आला, म्हणजे अंतर कमी करण्याचे आठवडे. दुखणं जवळजवळ गेलं. हा या दुखापतीचा सर्वांत फसवा भाग. भार कमी झाला म्हणून दुखणं कमी झालं होतं, पण सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘बरं झालं’ असा लावला. तीन आठवड्यांत फीमरची मान भरून येत नाही. खरं तर मे महिन्यातला एक एमआरआय हा प्रश्न तिथेच मिटवू शकला असता: शर्यत रद्द, सहा-आठ आठवडे सक्तीचा आराम, आणि चीर पडण्याआधी नुसत्या सुजेवर निभावलं असतं. त्या वेळी तसं सुचवणारं कोणी नव्हतं, आणि सुचवलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? त्या स्वतः म्हणतात, “तिकीट काढलेलं होतं हो. कोण ऐकतंय!”

निदान

साताऱ्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. ‘हाड ठीक आहे, स्नायूचंच आहे’ असं ऐकून त्यांनी कुबड्या बाजूला ठेवायची तयारी केली होती. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेक वेळा दिसतच नाही. भरून यायला लागल्यावर नवीन हाडाची रेघ दिसते. म्हणजे एक्स-रे चांगला येण्याने काहीच सिद्ध होत नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा एक कुबडी हातात, एक गाडीत. पहिला प्रश्न दुखण्याबद्दल नव्हता. माउलींची पालखी त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातून जात होती आणि दरवर्षीप्रमाणे लोणंद ते तरडगाव चालायचं, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघायचं, एवढं जमेल का, हे विचारायला त्या आल्या होत्या.

तपासणीत तीन गोष्टी जुळत नव्हत्या. मांडीच्या आतल्या स्नायूला दाबलं तर दुखत नव्हतं. दोन्ही गुडघ्यांमध्ये माझी मूठ ठेवून जोरात दाबायला सांगितलं तर तेही बिनदुखीचं. स्नायू दुखावलेला असेल तर इथे कळ यायलाच हवी. उलट, आडवं झोपवून पाय नुसता आत वळवला, स्नायूचं काही काम नसताना, तर टोकाला जाऊन त्या ओरडल्या. एका पायावर उडी मारायची चाचणी अशा वेळी काही जण करतात. मी ती केली नाही आणि करू नये. संशय मानेच्या फ्रॅक्चरचा असताना उडी मारायला लावणं म्हणजे चाचणीनेच हाड सरकवण्याची जोखीम घेणं.

दोन्ही कुबड्या पुन्हा हातात दिल्या आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. एमआरआयमध्ये डाव्या मानेच्या खालच्या-आतल्या बाजूला सूज आणि मानेच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलेली चीर दिसली. बाजू कोणती याला इथे फार महत्त्व आहे. खालच्या बाजूला उभं राहिल्यावर हाड दाबलं जातं, म्हणून तिथली चीर मिटायला वाव असतो. वरच्या बाजूला हाड ताणलं जातं, तिथली चीर उघडत जाते आणि बहुधा स्क्रू घालावेच लागतात. खालची बाजू आणि निम्म्यापेक्षा कमी रुंदी, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता सहा आठवडे वजन न टाकण्याचा निर्णय घेतला. दुखणं वाढलं तर ताबडतोब पुन्हा यायचं, ही अट.

रक्ताचे अहवाल आले ते या प्रकरणातलं खरं वळण. ड जीवनसत्त्व १४, जे २०च्या खाली गेलं की कमतरता धरतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ११ आणि हिमोग्लोबिन ११.२, दोन्ही कमी. थायरॉइड ठीक. कंबरेच्या मणक्यांची हाडघनता वयाच्या मानाने कमी. बारा महिने घाटात उन्हाच्या गावी राहणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कमी कसं, असं घरच्यांनी विचारलं. साधं आहे. त्या पहाटे चारला पळतात, सातला आंघोळ करून शाळेत, पाचला घरी. ऊन त्यांना भेटतंच कुठे?

ताट

मी आणि आहारतज्ज्ञ दोघींनी मिळून एप्रिलमधला एक आठवडा त्यांच्याकडून आठवून लिहून घेतला. वजन ५० किलो. चरबी वजा केली तर उरलेलं शरीर साधारण ४० किलो. धावण्याला ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी लागते. आठवड्याला ९० किलोमीटर म्हणजे ४५०० कॅलरी, दिवसाला ६४० च्या घरात. खाणं दिवसाला सरासरी १६५०. धावण्याचा खर्च काढला की १०१० उरतात. ते ४० किलोला वाटले तर दर किलोला २५. हा आकडा ३०च्या खाली बराच काळ राहिला की शरीर काटकसर सुरू करतं आणि कात्री पहिल्यांदा लावतं ती पाळी आणि हाडं यांना. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ हे नाव दिलं. आधी ते फक्त सडपातळ तरुण मुलींचं दुखणं समजलं जायचं.

त्या कमी खात होत्या असं घरात कोणालाही वाटलं नसतं. भाजी, पोळी, वरण-भात सगळं ताटात होतं. पण सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादशा असे उपास होते, चैत्रातली नवरात्र होती, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी ‘भरून काढायचं’ असं कधी घडत नव्हतं. पहाटेच्या पळण्याआधी पोट रिकामं, पळून आल्यावर शाळेची घाई, डब्यात दोन पोळ्या. बाकीच्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते रात्री. जानेवारी ते जून दोन किलो वजन उतरलं, तर ग्रुपमध्ये कौतुक झालं. हलकं शरीर वेगाने पळतं, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

पाळीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मार्चपासून आली नाही. पण आता वय झालंच की.” मला हे या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं. वीस वर्षांच्या मुलीची पाळी चार महिने चुकली तर आई डॉक्टरकडे नेते. त्रेचाळिसाव्या वर्षी चुकली तर सगळे, स्वतः ती बाईसुद्धा, रजोनिवृत्तीची चाहूल म्हणून गप्प बसतात. त्यांच्या हार्मोन तपासणीत रजोनिवृत्तीचं चित्र नव्हतं. खाणं वाढल्यावर सप्टेंबरात पाळी परत आली. आपल्या धावण्याच्या ग्रुपांमध्ये आता चाळिशीतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. तक्ता सगळ्यांना एकच असतो, बहुधा पस्तिशीच्या पुरुषाला धरून केलेला, आणि त्यात ‘पाळी नियमित आहे का’ असा रकाना मी तरी कुठे पाहिलेला नाही.

२०२३ मध्ये अधिक मास आला तोही श्रावणाचाच. १८ जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ दोन महिने श्रावण, आणि हाड भरून येण्याचेही तेच महिने. उपास सोडा असं आम्ही सांगितलं नाही, कारण तसं सांगून काही होत नाही. माणूस ‘हो’ म्हणतो आणि घरी जाऊन करायचं तेच करतो. आहारतज्ज्ञांनी सासूबाईंना बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, “अगं, दुखणेकऱ्याला कसला उपास? देव काय हिशेब मांडून बसलाय?” आणि प्रश्न तिथेच संपला. एकादशी तेवढी ठेवली. त्या दिवशी साबुदाण्याच्या जोडीला दही, पनीर, शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, दूध. पुढे पळणं सुरू झाल्यावर पळण्याआधी केळं आणि मूठभर खजूर, पळून आल्यावर अर्ध्या तासात अंडी किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ. ड जीवनसत्त्वाचा आणि लोहाचा डोस डॉक्टरांनी ठरवला.

कुबड्यांपासून मैदानापर्यंत

पहिले सहा आठवडे डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. ऐकायला सोपं, पण घर पहिल्या मजल्यावर, संडास भारतीय पद्धतीचा, जेवण जमिनीवर बसून. कमोडची खुर्ची आणली, जेवायला टेबल मांडलं, स्कूटीची किल्ली नवऱ्याने लपवली. शाळेतून महिनाभर रजा, नंतर तळमजल्यावरचा वर्ग. घरगुती सल्ल्यातला पहिला व्यायाम, आडवं पडून पाय सरळ उचलणं, आम्ही मुद्दाम वर्ज्य केला. पलंगावर झोपूनही त्या कृतीत खुब्यावर शरीराच्या वजनाइतका किंवा अधिक दाब येतो. त्याऐवजी नितंबाचे स्नायू जागच्या जागी आवळणं, घोटा फिरवणं, आणि हात-पाठ-पोटाचा भरपूर व्यायाम. धावणाऱ्याला घाम आला नाही की तो बिथरतो, म्हणून हा भाग मुद्दाम कडक ठेवला.

सातव्या आठवड्यात वजन टाकायला सुरुवात. ‘थोडं वजन टाका’ म्हटलं की कोणी पाच किलो टाकतं, कोणी तीस. म्हणून वजनकाट्यावर डावा पाय ठेवून दाबायला लावला: आज दहा किलो, चार दिवसांनी पंधरा, मग पंचवीस. पायाला तो दाब ओळखीचा झाला की तेवढाच घेऊन कुबड्यांनी चालायचं. दहाव्या आठवड्याअखेर कुबड्या सुटल्या. गणपतीत दुसरा एमआरआय झाला, सूज जवळजवळ ओसरली होती आणि चीर भरत आलेली होती.

पळायला परवानगी तारखेवर दिली नाही. पाऊण तास भरभर चालणं बिनदुखीचं, एका पायावर अर्धा मिनिट न डगमगता उभं राहणं, एका पायावर पंचवीस वेळा टाच उचलणं, आणि शेवटी, आता चालेल म्हणून, एका पायावर दहा उड्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे सगळं जमलं. शाहू स्टेडियमच्या सपाट मैदानावर एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, सहा वेळा. एक दिवसाआड. ज्या बाईने छप्पन्न किलोमीटर पळून पोरांचे पेपर तपासले, तिला सहा मिनिटं पळून घरी जायला सांगायचं. त्या हसल्या आणि नंतर पार्किंगमध्ये रडल्या, हे मला त्यांच्या नवऱ्याने सांगितलं.

मनाचा भाग मी ‘समुपदेशन केलं’ असं लिहून मोकळी होणार नाही, कारण त्यात फार काही माझं नव्हतं. परतल्यावर भेटणारा प्रत्येक जण एकच विचारायचा: एवढ्या लांब जाऊन पूर्ण नाही केली? ग्रुपमध्ये पदक मिळवलेल्यांचा सत्कार झाला, यांना व्यासपीठावर बोलावून ‘प्रयत्नाबद्दल’ पुष्पगुच्छ दिला. तो पुष्पगुच्छ त्यांना सर्वांत जास्त लागला. ग्रुपच्या सूचना त्यांनी बंद करून टाकल्या आणि चांगलं केलं. ऑगस्टमध्ये कुबड्या घेऊन त्या ग्रुपच्या पाणपोईवर जाऊन बसायला लागल्या, पळणाऱ्यांना केळी सोलून द्यायला. ही त्यांची स्वतःची कल्पना. आपण पळत नसताना पळणाऱ्यांमध्ये राहता येतं, हे कळल्यावर मला फोन करून “आज किती पळू?” विचारणं कमी झालं.

एकच अडथळा आला. दिवाळीच्या सुटीत, सलग पंधरा मिनिटं पळता येऊ लागल्यावर, त्यांनी एका रविवारी सहा किलोमीटर सलग काढले आणि सोमवारी जांघ जड झाली. घड्याळाने ‘तुमची क्षमता वाढते आहे’ असा शेरा दिला होता. त्या घड्याळाला हृदयाचे ठोके कळतात, हाड कळत नाही. दहा दिवस सायकल आणि पाण्यातला व्यायाम, मग दोन पायऱ्या मागून पुन्हा सुरुवात. तपासणीत खुबा मोकळा वळत होता, दुखणं टिकलं नाही, म्हणून पुन्हा स्कॅन केला नाही.

नववर्षात सलग पाच किलोमीटर, फेब्रुवारीअखेर दहा. उतार सर्वांत शेवटी: आधी घाट चढून पळायचा आणि गाडीने उतरायचं, म्हणजे आधीच्या वर्षीच्या बरोबर उलट. मे महिन्यात पहिल्यांदा पाचशे मीटर उतार. २०२४ची कॉम्रेड्स अर्थातच सोडली. त्या वर्षीच्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर चढून कासच्या रस्त्याने वळून त्या परत आल्या. पूर्वीपेक्षा चौदा मिनिटं जास्त लागली, त्यातली बहुतेक उतारावर, आणि ती त्यांनी ठरवून दिली होती.

सध्याची स्थिती: वजन ५३ किलो. ड जीवनसत्त्व ३८. पाळी नियमित. आठवड्याला ४५ ते ५० किलोमीटर, दोन दिवस वजनं उचलण्याचा व्यायाम, घाट आठवड्यातून एकदाच. हाडघनता थोडी सुधारली आहे, पण वयाच्या सरासरीला आलेली नाही. पुढची तपासणी वर्षभराने. २०२५ला पुन्हा डाउन रन, म्हणून त्यांनी नाव दिलं नाही. अप रनच्या वर्षी जाण्याचा विचार आहे. चढावर आदळणं कमी, हे त्यांचं कारण, आणि ते बरोबर आहे. त्यावर अस्थिरोगतज्ज्ञांचा होकार आहे. मी होकार हाडघनतेच्या पुढच्या अहवालापर्यंत राखून ठेवला आहे, आणि यावरून आमचा वाद चालू आहे.